नाशिकरोडहून गाडी धरताना: तिकीट काढणं, बदलणं आणि पैसे परत मिळवणं

नाशिककर हा कायम मधल्या स्टेशनचा प्रवासी. जिला आपण आपलीच म्हणतो ती पंचवटी एक्सप्रेससुद्धा मनमाडहून येते. बाकीच्या गाड्या मुंबईहून निघालेल्या असतात, नाहीतर नांदेड, नागपूर, वाराणसी, हावडा अशा कुठून तरी येत असतात आणि नाशिकरोडला काही मिनिटं टेकून पुढे जातात. तिकिटाचे बरेचसे नियम मात्र गाडी जिथून सुटते त्या स्टेशनकडे बघून केलेले आहेत. आरक्षण कधी उघडणार, तत्काळ कधी मिळणार, वेटिंग किती हलणार, चार्ट (कुणाला कुठली जागा मिळाली याची पक्की यादी) कधी लागणार, या सगळ्याचं गणित तिथून सुरू होतं. मुंबईच्या नातेवाइकाने सांगितलेली युक्ती आपल्याला लागू पडत नाही ती म्हणूनच. म्हणून हा लेख नाशिकरोडच्या फलाटावर उभं राहून लिहिला आहे.

आधी तारीख नीट मोजा

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ही मुदत १२० दिवसांची होती आणि अजूनही कितीतरी जण चार महिने आधीपासून शोधत बसतात. ६० दिवसांत प्रवासाचा दिवस धरायचा नाही.

आता मधल्या स्टेशनची पहिली गोम. हे ६० दिवस गाडी तिच्या सुरुवातीच्या स्टेशनवरून ज्या दिवशी निघते, त्या दिवसापासून मागे मोजतात. मुंबईहून रात्री नऊच्या पुढे सुटणारी गाडी नाशिकरोडला येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. म्हणजे तुमच्या तिकिटावर गुरुवारची तारीख, पण गाडी बुधवारची. तिचं आरक्षण तुमच्या हिशेबापेक्षा एक दिवस आधीच उघडलेलं असतं. सणासुदीला हा एक दिवस म्हणजे सगळा खेळ.

उदाहरण घ्यायचं तर पुढच्या सिंहस्थाचंच घेऊ. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. ६० दिवसांचा नियम तोवर असाच राहिला, तर २ ऑगस्टला सुटणाऱ्या गाडीचं आरक्षण ३ जूनला उघडेल. पण उत्तरेतून १ ऑगस्टला निघून २ तारखेला नाशिकरोडला पोचणारी गाडी असेल, तर तिचं २ जूनलाच. बाहेरगावचे पाहुणे येणार असतील, तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

मध्यरात्रीच्या गाडीची दुसरी गोम तारखेच्या गोंधळाची. रात्री १२ वाजून २० मिनिटांनी येणारी गाडी ‘बुधवारी रात्रीची’ असं आपण बोलतो, पण नाशिकरोडहून शोधताना गुरुवारची तारीख टाकावी लागते. माझ्या मामेभावाने एकदा लग्नाला निघताना बरोबर उलटं केलं. सामानसुमान घेऊन अख्खं कुटुंब स्टेशनवर, आणि गाडी चोवीस तासांपूर्वीच निघून गेलेली. कन्फर्म तिकीट, चार माणसं, परतावा शून्य. त्या लग्नात नवऱ्या मुलापेक्षा तोच जास्त चर्चेत होता.

तिकीट कुठून कुठवरचं काढायचं

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा, कारण निम्मं काम इथेच होतं. वेटिंगच्या आकड्याआधी जी अक्षरं असतात ती वाचायची सवय लावा. जीएनडब्ल्यूएल म्हणजे सर्वसाधारण कोट्याचं वेटिंग. गाडीच्या सुरुवातीच्या स्टेशनवरून किंवा त्याच्या आसपासच्या स्टेशनवरून निघणाऱ्यांना हे मिळतं आणि तेच सगळ्यात जास्त हलतं. आरएलडब्ल्यूएल हे वाटेतल्या ठरावीक स्टेशनांच्या छोट्या कोट्याचं वेटिंग. त्या कोट्यातल्या कुणी रद्द केलं तर तुमचा नंबर सरकणार. पीक्यूडब्ल्यूएल हा अनेक मधल्या स्टेशनांना मिळून दिलेला सामायिक कोटा. म्हणून जीएनडब्ल्यूएल ३० कन्फर्म होतं आणि पीक्यूडब्ल्यूएल ८ तसंच लटकत राहतं. नुसता आकडा बघून जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही.

तेव्हा नाशिकरोडहून नागपूर शोधलं आणि आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल दिसलं, तर तीच गाडी मुंबईहून किंवा कल्याणहून शोधून बघा. तिथे जागा असेल तर तिकीट तिथून काढायचं आणि बोर्डिंग स्टेशन, म्हणजे प्रत्यक्ष चढायचं स्टेशन, नाशिकरोड निवडायचं. पैसे अर्थात मुंबईपासूनचे लागतात. पण रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला स्वस्त होत जातं, त्यामुळे लांबच्या प्रवासात फरक मोठा पडत नाही. उलट दिशेलाही हेच करता येतं: नाशिकरोडपर्यंत जागा नसेल, तर त्याच गाडीचं कल्याण किंवा मुंबईपर्यंतचं तिकीट बघा आणि नाशिकरोडला उतरा. न केलेल्या प्रवासाचे पैसे मात्र परत मिळत नाहीत.

यात तीन गोष्टी सांभाळायच्या. एक, बोर्डिंग स्टेशन न विसरता बदला. नाही बदललं तर कल्याणला टीसीला तुमची जागा रिकामी दिसेल आणि तो ती आरएसीवाल्याला (एकच बर्थ दोघांत वाटून बसलेल्याला) देऊन मोकळा होईल. नाशिकरोडला चढून भांडण्यात मग काही राम नाही. दोन, एकदा बोर्डिंग पुढचं केलं की मूळ स्टेशनवरून चढायचा हक्क गेला. आदल्या दिवशी काही कामाने मुंबईला गेलात आणि तिथूनच चढलात, तर तुम्ही त्या टप्प्यात विनातिकीट ठरता. तीन, मुंबईपासून तिकीट काढताना तारीख मुंबईहून सुटण्याची टाकायची. मध्यरात्रीची गाडी असेल, तर नाशिकरोडची तारीख त्यापुढची.

हे सगळं करायचं नसेल, तर मनमाड आणि इगतपुरीही शोधून बघा. मनमाड मोठं जंक्शन आहे, आपल्याकडे न येणाऱ्या गाड्याही तिथे मिळतात. पुण्याचं म्हणाल तर नाशिकहून थेट लोहमार्गच नाही, गाडी कल्याणला वळसा घालून जाते. पुण्याला जाणाऱ्याने मी तरी एसटीच सुचवेन.

मोबाइल की खिडकी

आयआरसीटीसीचं, म्हणजे रेल्वेची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीचं, खातं आधारशी जोडून ठेवा. जोडलेलं नसेल तर महिन्याला १२ तिकिटं, जोडलेलं असेल तर २४. पण आता प्रश्न संख्येचा राहिलेला नाही. १ जुलै २०२५ पासून तत्काळसाठी आधारने पडताळलेलं खातंच चालतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचं आरक्षण उघडल्यावरच्या पहिल्या १५ मिनिटांनाही तीच अट आली आणि पुढे ही वेळ वाढवत नेली. ऐन वेळी ओटीपीची वाट बघत बसण्यापेक्षा हे काम एखाद्या निवांत दुपारी उरकून टाका. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत घोडं हमखास इथेच अडतं.

ऑनलाइन तिकिटावर सुविधा शुल्क लागतं. यूपीआयने भरलं तर बिगर-एसीला १० आणि एसीला २० रुपये, इतर मार्गाने १५ आणि ३०, वर जीएसटी. तिकीट रद्द केलं तरी हे परत येत नाही. एका तिकिटावर सहा जण, तत्काळमध्ये चार. रात्री पावणेबारा ते बारा वीसच्या सुमारास आरक्षण यंत्रणा बंद असते, तेव्हा फोन आपटू नका.

खिडकीचं तिकीट काढताना फॉर्मवर स्वतःचा मोबाइल नंबर लिहाच. पुढे घरबसल्या रद्द करायची वेळ आली तर तोच नंबर लागतो. साठीच्या पुढच्या पुरुषांना आणि ४५ च्या पुढच्या महिलांना लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो, पण अशा प्रवाशांचं तिकीट एकट्याचं किंवा दोघांचंच काढलं तर. तरुण मंडळी त्याच तिकिटावर जोडली की कोटा हातचा गेला. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. अजूनही खिडकीवर त्यावरून वाद घालणारे काका दिसतात.

मुंबईला जाऊन यायचं आणि जनरल डब्यातूनच जायचं असेल, तर रेल्वेच्या रेलवन ॲपवर तिकीट निघतं. नाशिकरोड ते सीएसएमटी हे अंतर १८८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे २०० च्या आत. त्यामुळे हे तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवता येत नाही. काढल्यापासून तीन तासांत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो. दोनशेच्या पुढच्या अंतराला तीन दिवस आधी मिळतं. ॲपवर काढलेलं कागदाविना तिकीट रद्द होत नाही. खिडकीवरचं अनारक्षित तिकीट तीन तासांच्या आत परत दिलं तर माणशी ३० रुपये कापून बाकीचे मिळतात. आणि पंचवटीत चढताना डब्यावरची पाटी वाचून घ्या. पासधारकांच्या डब्यात शिरून खिडकीची जागा धरलीत, तर रोजचे पासवाले तुम्हाला इगतपुरीपर्यंत प्रेमाने नियम समजावून सांगतील.

तत्काळ: हात पोळायची जागा

एसी वर्गासाठी सकाळी १०, स्लीपर आणि सेकंड सीटिंगसाठी ११ वाजता. पहिल्या अर्ध्या तासात एजंटांना बुकिंग करता येत नाही. मुहूर्त एक दिवस आधीचा, आणि इथेही दिवस गाडीच्या सुरुवातीच्या स्टेशनचा. मुंबईहून बुधवारी रात्री निघून नाशिकरोडला गुरुवारी पहाटे येणाऱ्या गाडीचं तत्काळ मंगळवारी उघडतं. गुरुवारची गाडी म्हणून बुधवारी दहा वाजता दबा धरून बसलात, तर समोर उरलंसुरलं वेटिंग.

कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर एक पैसा परत मिळत नाही. वेटिंगमधल्या तत्काळचे मिळतात, थोडं शुल्क कापून. पण तत्काळ वेटिंग हलतं फार कमी, त्याला आरएसी नसते आणि जागा वाटताना जीएनडब्ल्यूएलवाला आधी. माझं मत विचाराल तर तत्काळमध्ये वेटिंग दिसलं की पैसे भरूच नयेत. त्यापेक्षा पहिला चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा विकायला निघतात तिकडे डोळा ठेवावा. त्याला करंट बुकिंग म्हणतात आणि त्यात तत्काळचा जादा आकार नसतो.

पूर्वी चार्ट गाडी सुटण्याच्या चार तास आधी लागायचा. जुलै २०२५ मध्ये तो किमान आठ तास आधी लागू लागला आणि सकाळच्या गाड्यांचा आदल्या रात्रीच; पुढे डिसेंबर २०२५ मध्ये आठाचे दहा तास झाले. वेळ गाडीच्या सुरुवातीच्या स्टेशनवरून धरलेली. लांबच्या गाड्यांत मधल्या काही स्टेशनांचा चार्ट वेगळाही निघतो. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर चार्ट आणि रिकाम्या जागा दाखवणारी सोय आहे, ती वापरा. दुसरा चार्ट सुटण्याच्या अर्धा तास आधी लागतो.

काढलेलं तिकीट बदलायचं असेल तर

माणूस बदलता येतो, पण रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्यातच: आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. मेहुणा नाही, मित्र तर नाहीच. तिकीट कन्फर्म हवं. गाडीच्या २४ तास आधी आरक्षण खिडकीवर तिकीट (ई-तिकीट असेल तर छापील प्रत), ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा घेऊन जायचं आणि अर्ज द्यायचा. रेशनकार्ड उपयोगी पडतं. हे एकदाच करता येतं. वऱ्हाडाच्या आणि विद्यार्थ्यांच्या सहलीच्या तिकिटांनाही नाव बदलण्याची सोय आहे, मात्र ४८ तास आधी.

तारीख बदलणं ही खिडकीवरच्या तिकिटाची जुनी सोय. गाडीच्या ४८ तास आधी खिडकीवर जाऊन प्रवास पुढे किंवा मागे ढकलता येतो, तोही एकदाच आणि नव्या तारखेला जागा असेल तर. ई-तिकीटवाल्यांचा आजवरचा रस्ता म्हणजे रद्द करा आणि नवं काढा. घरात लग्नकार्य असेल, तारीख पक्की नसेल, तर नाशिकरोडला चक्कर मारून खिडकीवरून तिकीट काढणं म्हणून फायद्याचं ठरतं.

बोर्डिंग स्टेशन चार्ट लागण्याआधी ऑनलाइन बदलता येतं. देवळालीला गाडी थांबते आणि घर तिकडेच आहे, तर नाशिकरोडपर्यंत रिक्षाचे पैसे कशाला घालवायचे?

रद्द करताना घड्याळ बघा

नोव्हेंबर २०१५ च्या परतावा नियमांनी घालून दिलेला हिशेब असा. गाडी सुटण्याच्या ४८ तासांपेक्षा आधी कन्फर्म तिकीट रद्द केलं तर माणशी ठरावीक रक्कम कापतात: फर्स्ट एसीला २४०, सेकंड एसीला २००, थर्ड एसी आणि एसी चेअरकारला १८०, स्लीपरला १२०, सेकंड सीटिंगला ६०. एसीवर जीएसटी वेगळा. ४८ ते १२ तासांत भाड्याच्या २५ टक्के, १२ ते ४ तासांत ५० टक्के, पण दोन्ही वेळा वरच्या ठरावीक रकमेपेक्षा कमी नाही. चार तासांच्या आत काहीच नाही. तासांचे हे टप्पे रेल्वे बदलू शकते, म्हणून शेवटचं बटण दाबण्याआधी परत मिळणारी रक्कम पडद्यावर दिसते ती वाचा आणि मगच दाबा.

‘वरच्या रकमेपेक्षा कमी नाही’ हे कलम आपल्यासारख्या जवळच्या प्रवाशांना महत्त्वाचं आहे. समजा मुंबईचं सेकंड सीटिंगचं तिकीट ११० रुपयांचं आहे. २५ टक्के म्हणजे साडेसत्तावीस, ५० टक्के म्हणजे ५५, दोन्ही साठच्या खालीच. म्हणजे दोन आठवडे आधी रद्द करा की पाच तास आधी, कापणार ६०च. घाई करून उपयोग नाही, बेत पक्का मोडेपर्यंत थांबा. याउलट नागपूरचं थर्ड एसीचं तिकीट हजाराचं धरलं, तर ४८ तासांची रेघ ओलांडताच १८० चे २५० होतात आणि बारा तासांची ओलांडली की ५००. चार जणांचं कुटुंब असेल तर चौपट. इथे मात्र ‘बघू उद्या’ म्हणू नये.

वेटिंग आणि आरएसीला वेगळा नियम: गाडीच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द केलं तर माणशी ६० रुपये (एसीला वर जीएसटी) कापून बाकीचे परत. ई-तिकिटावरचे सगळेच प्रवासी चार्टनंतरही वेटिंगमध्ये राहिले, तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात येतात. अशा तिकिटावर गाडीत चढू नका, तुम्ही विनातिकीट धरले जाता. आरएसी मात्र आपोआप रद्द होत नाही. ते तुम्हालाच करावं लागतं.

आता फारशा कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट. एकाच तिकिटावर काही जण कन्फर्म आणि काही वेटिंग किंवा आरएसीत असतील आणि कुणीच जाणार नसेल, तर अर्धा तास आधीपर्यंत अख्खं तिकीट रद्द केल्यावर कन्फर्म झालेल्यांचेही पैसे तेवढेच किरकोळ शुल्क कापून मिळतात. पाच जणांपैकी तीन कन्फर्म झाले म्हणून त्या तिघांच्या भाड्यावर पाणी सोडू नका.

खिडकीवरचं तिकीट आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून चार तास आधीपर्यंत रद्द करता येतं. फॉर्मवरच्या मोबाइलवर ओटीपी येतो. पैसे घ्यायला मात्र मूळ तिकीट घेऊन खिडकीवर जावंच लागतं. सिडकोत किंवा गंगापूर रोडला राहणाऱ्याला रात्री दहा वाजता नाशिकरोड गाठायची धडपड तरी वाचते.

गाडीनेच दगा दिला तर

गाडी रद्द झाली तर ई-तिकिटाचे सगळे भाडे आपोआप परत येते. खिडकीचं तिकीट असेल तर तीन दिवसांच्या आत खिडकीवर द्यायचं. गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही प्रवास सोडला, तर पूर्ण परतावा मिळतो, तत्काळलाही. पण गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर भरायला हवा. टीडीआर म्हणजे परताव्याचा दावा, आयआरसीटीसीच्या खात्यात त्याच तिकिटापाशी कारण निवडून भरता येतो. लोक घरी जाऊन, जेवून, दुसऱ्या दिवशी सावकाश भरतात आणि मग दावा नाकारला जातो. प्रतीक्षालयात बसल्या बसल्या भरा. उशीर दाखवणाऱ्या पडद्याचं छायाचित्र काढून ठेवलेलं बरं.

तत्काळमध्ये इथेही मधल्या स्टेशनची मेख आहे. तिकीट मुंबईपासूनचं आणि बोर्डिंग नाशिकरोडचं असेल, तर तीन तासांचा उशीर मुंबईला धरतात, नाशिकरोडला नाही. गाडी मुंबईहून वेळेवर सुटली आणि घाटात चार तास अडकली, तर तत्काळवाल्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून मागच्या स्टेशनवरून तिकीट काढायची युक्ती मी नेहमीच्या आरक्षणाला वापरतो, तत्काळला नाही.

गाडीचा मार्ग बदलला आणि ती नाशिकरोडला आलीच नाही, तर टीडीआरला ७२ तास मिळतात. एसी बंद पडला तर मुक्कामाला पोचल्यापासून २० तासांत. खालच्या वर्गात बसवलं असेल किंवा एसी चालत नसेल, तर टीसीकडून त्याच गाडीत तसं प्रमाणपत्र लिहून घ्या. उतरल्यावर तो माणूस सापडत नाही. तक्रार रेलमदद ॲपवर किंवा १३९ वर तिथल्या तिथे नोंदवली की त्या वेळेची नोंद राहते.

साधं रद्दीकरण असेल तर पैसे साधारण आठवड्याभरात, ज्या खात्यातून किंवा कार्डावरून भरले तिथेच परत येतात. टीडीआरला बराच जास्त वेळ लागतो, कारण दाव्याची तपासणी होते. मधल्या काळात इंटरनेटवर ‘रिफंड हेल्पलाइन’ शोधून सापडलेल्या नंबरवर फोन लावू नका. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी लावला होता. समोरच्याने गोड बोलून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं, ओटीपी विचारला आणि तिकिटाच्या आठशे रुपयांपायी खात्यातले चाळीस हजार गेले. परताव्यासाठी ओटीपी, पिन किंवा क्यूआर कोड स्कॅन करणं यातलं काहीही लागत नाही. तिकिटाचे आठशे रुपये पाचव्या दिवशी आजोबांच्या खात्यात आपसूक आले.